जोहर ते मगरिब: पेटीतल्या कागदांची एक दुपार

ईदचा दुसरा दिवस असो की वलिम्याचा, गावाकडच्या घरात एक वेळ अशी येतेच की कुणाला काही काम नसते. दस्तरखान उचललेला असतो. जोहर झालेली असते. पुण्या-मुंबईची ट्रॅव्हल्स रात्री नऊला सुटणार असते. मोठी माणसे आडवी होतात, पोरे चार्जिंगच्या पॉइंटजवळ गोळा होतात आणि जावईबापू तेच वर्तमानपत्र तिसऱ्यांदा उलगडतात. जोहर ते मगरिब, चार-साडेचार तास. सगळे कुटुंब एका छपराखाली वर्षातून एकदा-दोनदाच येते, आणि त्यातले हे तास जांभया देण्यात जातात.

फिरायला जाणे हे एक उत्तर आहे, आणि वाईट नाही. औरंगाबादेत असाल तर मुलांना पाणचक्की दाखवा. मलिक अंबरने वसवलेल्या शहरात पाणी डोंगरातून खापरी नळांनी कसे आणले, हे पुस्तकापेक्षा तिथे उभे राहून जास्त कळते. पण पाणचक्की पुढच्या वर्षीही तिथेच असेल. घरातली दादी असेल की नाही, हे अल्लाह जाणे. म्हणून मी या तासांसाठी दुसरे काम सुचवते: घरातली जुनी पेटी उघडा.

प्रत्येक घरात ती असते. पत्र्याची ट्रंक, कपाटातला वरचा खण, नाहीतर खाटेखालची सुटकेस. तिच्यात निकाहनामा, शाळेचे दाखले, जमिनीच्या पावत्या, कुणाची तरी नोकरीची सनद, पिवळी पडलेली पत्रे. हे कागद वर्षानुवर्षे का वाचले जात नाहीत, याचे कारण साधे आहे. कागद गावात असतात. त्यांतल्या नावांमागची माणसे फक्त दादीला किंवा फुफूला आठवतात. आणि उर्दू वाचू शकणारी एखादी सून, भाचा किंवा नातजावई नोकरीच्या गावी असतो. ही तिन्ही एकत्र येतात ती याच दुपारी.

मराठवाड्यातल्या घरांना हे जास्त लागू आहे, कारण १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला कारभार उर्दूत चाले. सातारा-कोल्हापूरकडच्या किंवा कोकणातल्या वाचकांच्या पेटीत उर्दूऐवजी मोडीतले कागद निघतील. मोडी वाचणारे शोधावे लागतात, पण सापडतात. बाकी सगळे तेच.

आता एक स्पष्ट बोलते. ‘मोकळे तास’ म्हणतो ते कुणाचे? पुरुषांचे. जोहरनंतर सुनांच्या वाट्याला देगच्या असतात, सहा वाजता पुन्हा चहा आणि रात्रीच्या प्रवासाचा डबा. आणि बहुतेक घरांत जुन्या नात्यांची माहिती असते ती बायकांनाच. कुणाची कुणाशी सोयरीक, कोण कुणाच्या दुधावर वाढले, कुणाचे पहिले लग्न मोडले, हे सारे त्यांच्याकडे. त्या स्वयंपाकघरात राहिल्या तर पेटी उघडून अर्धा उपयोग नाही. त्या दिवशी पोरांनी भांडी घासावीत आणि डब्यात सकाळचीच बिर्याणी भरावी. आमच्याकडे असे केले तेव्हा कुणाचे काही बिघडले नाही, एक काचेचा पेला सोडून.

दुसरी अडचण नाजूक आहे. कागद बाहेर निघाले की वाटणीचा वास येतो. धाकट्याला वाटते थोरला सातबारा शोधतोय, आणि आपला हिस्सा कधीचा राहिलेली फुफू गप्प बसून सगळे पाहत असते. हा संशय खोटाच असतो असेही नाही. म्हणून पेटी ज्येष्ठांच्या परवानगीने आणि सगळ्यांच्या देखत उघडावी, बंद दाराआड नाही. प्रत्येक कागदाचा फोटो तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर जावा, मूळ कागद त्याच पेटीत परत जावा आणि पेटी जिची आहे तिच्याच खोलीत राहावी. ‘मी पुण्याला नेऊन नीट ठेवतो’ हे वाक्य त्या दुपारी कुणी उच्चारूच नये.

सुरुवात निकाहनाम्याने करावी. एक तर त्यात भांडणासारखे काही नसते, आणि दुसरे म्हणजे घरातल्या बाईचे नाव पूर्ण लिहिलेला तो बहुधा एकमेव जुना कागद असतो. घराण्याचे शजरे बघा, बाप-मुलगा-नातू अशी उतरंड असते, मुलींचा पत्ता नाही. निकाहनाम्यात मात्र ती आहे: अमुक बिंत अमुक, तिचा वकील कोण, गवाह कोण, मेहर किती. मेहराचा आकडा मुलांना मोठ्याने वाचायला लावा. तो ‘सिक्का हाली’ मध्ये असेल किंवा ‘कलदार’ मध्ये, कधी ‘दीनार-ए-सुर्ख’ असेही सापडेल. हाली हे निजामाचे नाणे, कलदार इंग्रजांचे. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार, असा भाव होता. मेहर ५२५ हाली असेल तर कलदारात ४५०. सातवीतल्या पोराला हे गणित घातले की ते दादीकडे वेगळ्या नजरेने बघते. आणि मग कुणीतरी हळूच विचारतेच, ‘दादी, मिळाला का मेहर?’ उत्तराची जबाबदारी माझी नाही.

रकमेच्या कागदांत एक गंमत दिसते. आकड्यात फेरफार होऊ नये म्हणून रकमेसोबत तिचा निम्मा आकडाही अक्षरी लिहीत: मुबलिग शंभर रुपये, निस्फ जिसके पचास रुपये. आजचा चेक ‘फक्त’ आणि ‘मात्र’ यांच्यावर भागवतो, त्यापेक्षा हे पक्के. सहीच्या जागी ‘अलअब्द’, साक्षीदारांपाशी ‘गवाह शुद’. ‘वल्द’ म्हणजे मुलगा, ‘जौजा’ म्हणजे बायको, ‘साकिन’ म्हणजे राहणार. एवढे सात-आठ शब्द ओळखता आले तरी कागद कुणाचा आणि कशाबद्दल आहे हे समजते. अक्षर शिकस्ता असेल, म्हणजे घाईचे, नुक्ते गाळलेले, शब्द एकमेकांत अडकलेले, तर उर्दूचा शिक्षकही अडखळतो. त्यात अडकून बसू नये. फोटो काढावा आणि पुढचा कागद घ्यावा.

खरी मेख तारखेत आहे. इथे थोडे सविस्तर सांगते.

एकाच पेटीत तीन प्रकारची वर्षे सापडतात. निकाहनाम्यावर हिजरी, सरकारी कागदावर फसली आणि इंग्रजी छाप असेल तिथे ईसवी. आकड्याशेजारचे अक्षर बघायचे. ‘फे’ असेल तर फसली, दोचश्मी ‘हे’ असेल तर हिजरी, ‘ऐन’ असेल तर ईसवी. हे न बघता हिशेब केला तर दहा वर्षांची चूक होते: १३५६ हिजरी म्हणजे १९३७, पण १३५६ फसली म्हणजे १९४६-४७.

हैदराबादच्या फसली वर्षाचा पहिला महिना आजूर, तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर आणि आबान. नावे इराणी, वर्ष सूर्याचे. आजूर ते बहमन या तीन महिन्यांच्या तारखेत ५९० मिळवायचे, उरलेल्या नऊ महिन्यांत ५९१. हिजरीसाठी ढोबळ रीत अशी की वर्षाला ०.९७ ने गुणावे आणि ६२२ मिळवावेत. एखाद्या वर्षाचा फरक राहतो. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना आणखी एक सांगावे लागते. उर्दूतला पाच गोल असतो आणि त्यांना तो शून्य वाटतो, उर्दूतले शून्य म्हणजे नुसता ठिपका. १३५६ मधला पाच असाच कुणी शून्य वाचला की अर्धे शतक गेले.

यातून काय साधते, असे कुणी विचारील. माझ्या सासरच्या घरातले सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या जेठांच्या मुलीला फार्मसीच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचा दाखला हवा होता. आम्ही पिंजारी. राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत पिंजारी, तांबोळी, बागवान, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या आहेत, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. पण यादीत असणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. ओबीसींसाठी मानीव तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे, म्हणजे त्याआधीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचा आणि त्या जातीचे असल्याचा पुरावा लागतो. जितका जुना कागद, तितके त्याचे वजन. आमच्या जेठांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’. अशी हजारो घरे असतील. मास्तरांनी विचारले नाही, बापाने सांगितले नाही, आणि तो एक शब्द तीन पिढ्यांच्या मानगुटीवर बसला.

अब्बांचा, म्हणजे माझ्या मरहूम सासऱ्यांचा, शाळेचा दाखला मिळाला असता तर काम झाले असते. जेठांनी गावातल्या शाळेच्या चकरा मारल्या. तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरात नाव नव्हते. सगळ्यांनी मान्य केले की अब्बा बहुधा शाळेत गेलेच नाहीत, घरीच शिकले.

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी उघडली ती खरे तर निकाहनाम्यासाठी. अम्मी, माझ्या सासूबाई, शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. माझा अनुभव आहे की म्हाताऱ्या बायकांना समोर बसवून ‘सांगा’ म्हटले की त्या गप्प होतात, हातात काही काम असले की बोलतात. तर लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या, “तुमारे अब्बा तहतानिया के पढ़े हुए थे, इत्ता सा भी हिसाब चुकते नहीं थे.” पोरांना वाटले तहतानिया हे गावाचे नाव. एकाने तर मोबाइलवर नकाशात शोधायला घेतले. निजामाच्या काळात प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणत, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया. मी विचारले, “पण अम्मी, इथल्या शाळेत तर नाव नाही.” त्या म्हणाल्या, “यहां कहां थी तब? यहां तो बाद में आई. वो मामू के पास रह के पढ़े.”

मामूंचे गाव सोळा-सतरा किलोमीटरवर. चाळीस वर्षे या घरात राहणाऱ्या कुणालाही ही गोष्ट माहीत नव्हती, कारण कुणी विचारली नव्हती.

पुढच्या सोमवारी जेठ तिथे गेले. शाळा आता जिल्हा परिषदेची आहे. मुख्याध्यापक भले गृहस्थ. म्हणाले, जुनी रजिस्टरे कपाटात आहेत, पण उर्दूत आहेत, आम्हांला वाचता येत नाहीत, तुम्हीच बघा. जेठांनी पानांचे फोटो पाठवले आणि मी पुण्यात मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून वाचले. नाव, वल्दियत, साकिन, दाखल्याची तारीख अमरदाद १३५६ फसली, आणि पुढे रकाना ‘कौम’: पिंजारी. अमरदादला ५९१ मिळवायचे, म्हणजे जून १९४७. त्या उताऱ्याची साक्षांकित प्रत घेतली, मराठी भाषांतर जोडले. दक्षता पथकाची चौकशी झाली, त्यांनी अम्मींनाही प्रश्न विचारले, आणि दाखला मिळाला. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे.

हा प्रश्न एकट्या आपल्या समाजाचाही नाही. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन दप्तरे उघडली गेली आणि उर्दू-मोडी वाचणारे हवेत म्हणून धावपळ झाली. ज्या उर्दूला आपण मुलांच्या भवितव्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरवून टाकले, तिच्यावाचून शेजारच्या पाटलाच्या मुलाचाही दाखला अडला होता. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, तेव्हा यात माझा थोडा स्वार्थ आहे असे कुणाला वाटले तर वाटू द्या.

कागदांवरून बोलणे माणसांवर येते. तसे ते यावेच, पण वर्ष विचारू नये. ‘कोणत्या साली?’ याला बहुतेक दाद्यांचे उत्तर ‘मुझे क्या मालूम’ हेच असते. त्यापेक्षा खुणा विचाराव्यात. ७२च्या दुष्काळात मोठा मुलगा केवढा होता? खडी फोडायला कोण कोण गेले? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कुणाचे बाळंतपण होते? तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा, त्यामुळे तारीख आपोआप पक्की होते. हैदराबादचे चलन बंद झाले, गावात वीज आली, पहिला ट्रान्झिस्टर आला, या सगळ्या तारखाच आहेत.

एका खुणेशी मात्र जपून. मराठवाड्यातल्या वयोवृद्ध माणसांच्या बोलण्यात ‘पोलीस ॲक्शन’ येते आणि बऱ्याचदा तिथेच बोलणे थांबते. आधी रझाकारांचा जुलूम, मग सप्टेंबर १९४८ मधली कारवाई आणि त्यानंतर अनेक गावांत मुसलमानांची झालेली होरपळ. उस्मानाबाद, नांदेडकडच्या घरांत तर हा विषय अजून ओला आहे. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले ती माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत, फार थोडी. त्यांना बोलायचे असेल तर ऐकावे, आणि ज्या शेजाऱ्याने कणगीमागे लपवले त्याचे नाव सांगितले तर ते जरूर लिहून ठेवावे. बोलायचे नसेल तर विषय बदलावा. कुणाची जखम हे आपल्या रिकाम्या दुपारचे साधन नव्हे. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारून करावा. मोबाइल उशीखाली लपवून केलेले रेकॉर्डिंग मला पटत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

फोटोंबद्दल दोन-चार गोष्टी, कारण इथे उत्साहात नुकसान होते. कागद खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात ठेवावा, फ्लॅश नको. दोन्ही बाजू घ्याव्यात, मागच्या बाजूला शिक्के आणि शेरे असतात आणि कधीकधी तेच महत्त्वाचे निघतात. साठ वर्षे घडीत असलेला कागद ओढून सरळ करू नये, घडीवर तुटतो. सेलोटेप लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच नको. आमच्याच नात्यात एका घराने जमिनीची सनद लॅमिनेट केली. आता ती चकचकीत दिसते, पण आत शाई पसरत चालली आहे आणि कागद बाहेर काढता येत नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळण्याची सवयही सोडावी, तो कागद आधी स्वतः पिवळा पडतो आणि मग आतल्याला पिवळा करतो. साधे कोरे लिफाफे पुरतात. प्रत्येकावर पेन्सिलने लिहावे: काय, कुणाचे, कधीचे, कुणी वाचले.

हे लिहिण्याचे काम मुलांना द्या, उर्दू न येणाऱ्यांनाच द्या. मोठ्याने वाचले जाते तेव्हा ती ऐकतात आणि मराठीत उतरवतात. आमच्याकडे नववीतल्या मुलाने लिफाफ्यावर ‘पणजीची आई, नाव बिस्मिल्लाबी, जौजा म्हणजे बायको’ असे लिहून ठेवले आहे. सरकारी दप्तरात चालणार नाही, पण घरात चालते.

पूर्ण पेटी एका दुपारी होत नाही. आमच्या हाताला तेव्हा वीस-बावीस कागद लागले आणि निम्म्याहून अधिक तसेच राहिले. त्यात शिकस्तामधली पत्रांची एक गड्डी आहे, मामूंच्या गावाहून आलेली, अब्बांच्या लहानपणची असावी. असरनंतर उजेड कमी होऊ लागला की कागद मोजून परत ठेवायचे, जितके काढले तितके. पेटीची किल्ली अम्मींच्या पदराला. पुढच्या खेपेला आधी ती गड्डी घ्यायची असे ठरले आहे, आणि त्या दिवशी भांडी कुणी घासायची तेही.